फायबरवरचा चिकटा आणि अर्धा मिलिमीटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्सोव्याला जुनी २२ फुटी फायबर बोट घेतलीत. आधीच्या मालकाने डेकवर फोमची मॅट चिकटवली होती. ती तुम्ही उपटलीत, पण खालचा गोंद डेकलाच राहिला. दोन्ही बाजूंना त्याच्या धंद्याच्या जाहिरातीचे मोठे स्टिकर होते, ते निघता निघता चुरा झाले आणि मागचा चिकटा धूळ खाऊन काळा पडला. कुणी सांगितलं म्हणून थिनरने घासलंत, तर चिकटा जायच्या ऐवजी पसरला, आणि नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, हातभर जागेची चमकही गेली. नारळी पौर्णिमेच्या आत बोट पाण्यात उतरवायची आहे.

आधी थिनरच्या डब्याला झाकण लावा. फेकू नका, शेवटी चमचाभर लागेल.

तीसेक वर्षं मी बोटींच्या दुरुस्तीत आहे. सुरुवात लाकडाच्या बोटींवर झाली, आता दहातल्या नऊ फायबरच्या येतात. चिकटा काढायचं काम माझ्याकडे येतं ते बहुतेक वेळा तुमच्यासारखंच, कुणीतरी आधी हात मारून झाल्यावर. आणि तेव्हा मला गोंदाची काळजी नसते, खालच्या जेलकोटची असते. फायबरच्या बोटीवर जो गुळगुळीत, रंगीत, चकचकीत थर दिसतो तो रंग नाही. तो जेलकोट, साच्यात सगळ्यात आधी मारलेला पॉलिएस्टर रेझिनचा थर. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे झेरॉक्सचे पाच कागद एकावर एक ठेवले तर होईल तेवढी. त्याखाली लगेच काचेचे धागे. गोंद आज नाही तर उद्या निघेल, पण घासून गेलेला जेलकोट आपोआप भरून येत नाही. तो गेला की पाणी हळूहळू फायबरमध्ये मुरायला लागतं. म्हणून सगळं काम या पाच कागदांच्या हिशेबाने करायचं.

थिनरने चिकटा का पसरला, ते आधी सांगतो, कारण ते कळलं की अर्धी पद्धत कळते. थिनर फार लवकर उडतो. चिंधी फिरवताक्षणी गोंदाचा वरचा पापुद्रा विरघळतो, पण आतला थर फुगून सुटायच्या आत थिनर हवेत गेलेला असतो. विरघळलेला पापुद्रा चिंधीबरोबर आजूबाजूला लिंपला जातो आणि तिथेच वाळतो. तुम्ही पुन्हा थिनर ओतता, तो आणखी पसरतो. तासाभराने एका पट्ट्याचा अख्खा फळा झालेला असतो. गोंदाला भिजायला वेळ द्यावा लागतो, आणि वेळ देणारं द्रावण सावकाश उडणारं हवं. आमटीचं करपलेलं पातेलं घरी कुणी लगेच घासायला घेत नाही, रात्रभर पाणी घालून ठेवतात. इथे पाण्याने भागत नाही, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट, सगळा गोंद एक नसतो. तुमच्या बोटीवर निदान दोन प्रकारचे आहेत आणि दोघांचं औषध वेगळं. ओळखायला प्रयोगशाळा नको, अंगठ्याचं नख पुरे.

पातळ, पारदर्शक, बोटाला चिकटणारा आणि नखाने घासला की त्याच्या बारीक वळ्या होतात, तो स्टिकरचा ॲक्रिलिक गोंद. तुमच्या दोन्ही बाजूंवरचा हाच. पिवळट तपकिरी, मधाच्या वाळलेल्या थरासारखा, त्यावर दातेरी पट्टीने ओढल्याच्या रेघा दिसतात आणि नखाखाली रबरासारखा ताणतो, तो सिंथेटिक रबराचा गोंद. आपल्याकडे सुतार सनमायका चिकटवायला फेविकॉल एसआर वापरतात, त्याच जातीचा. डेकवर बहुधा हा असणार. मात्र काही मॅटना कारखान्यातूनच मागे स्वतःचा चिकटा आणि कागद लावलेला असतो, मग डेकवरही ॲक्रिलिकच सापडेल. नख लावून बघा, अंदाजाने चालू नका.

याशिवाय कडेकडेने, फिटिंगच्या पायाशी, पांढरी किंवा काळी रबरी कडी दिसली तर ती सीलंटची, म्हणजे फटी बुजवायच्या मसाल्याची. त्यात पुन्हा दोन जाती. सिलिकॉन बोटाला बुळबुळीत लागतो, त्यावर पेनाने रेघ मारली तर धरत नाही. सिकाफ्लेक्ससारखा पॉलियुरेथेन उन्हात पांढुरका होऊन त्याला बारीक भेगा पडतात, त्यावर पेन उमटतं. आणि दगडासारखं कडक, करड्या रंगाचं काही असेल तर ते एम-सील किंवा इतर इपॉक्सी. त्याला गोंद म्हणून हात लावूच नका, त्याचं शेवटी सांगतो.

आता बाजूंचे स्टिकर. उरलेले व्हिनाइलचे, म्हणजे स्टिकरच्या प्लास्टिकचे, तुकडे आधी काढायचे. नवीन स्टिकर मऊ असतो कारण प्लास्टिकमध्ये मऊपणा देणारं द्रव्य घातलेलं असतं. चार-पाच उन्हाळे गेले की ते उडून जातं, प्लास्टिक सुक्या पापडासारखं होतं आणि नखाएवढे तुकडे पडतात. ऊब दिली की तो थोडा वेळ पुन्हा लवचिक होतो आणि गोंदही ढिला पडतो. बायकोचा हेअर ड्रायर चालेल, विचारून घ्या. हीट गन असेल तर सांभाळून, तिच्या तोंडाशी कित्येक शे अंश तापमान असतं आणि जेलकोट शंभराच्या आतच मऊ पडायला लागतो. एका जागी धरली की आधी पिवळा डाग येतो, मग फोड. गन वीतभर लांब, हात सतत हलता. नियम सोपा: तापवलेल्या जागेवर तळहात ठेवून तीन-चार आकडे मोजता आले पाहिजेत. हात झटकन काढावा लागला तर जेलकोटलाही तेवढंच लागतंय.

मग कोपरा नखाने उचलायचा आणि पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, मागे दुमडून, सावकाश ओढायचा. सावकाश म्हणजे कंटाळा येईल इतका. हिसका दिला की व्हिनाइल तुटतं आणि गोंद खाली राहतो. तुम्ही नेमकं तेच केलं असणार, सगळेच करतात.

इथे एक आठवलं म्हणून सांगतो. एका तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याच्या, बोटीवर केबिनच्या पुढे एकवीरा आईचा मोठा स्टिकर होता, उन्हाने फिका पडलेला. बोट नव्याने रंगवायची होती. पट्टी घेऊन पोरगं पुढे झालं, तर तांडेलाने त्याचा हात धरला. आईच्या तोंडावर पट्टी चालवायची नाही म्हणाला. मग मी आणि तो, दोघं दीड तास बसलो, एकाने ऊब द्यायची, दुसऱ्याने ओढायचं. सबंध स्टिकर अखंड निघाला, मागे गोंद जवळपास नाहीच. तो त्याने गुंडाळून घरी नेला. बाजूच्या इंजिन ऑइलच्या जाहिरातीला मात्र पोरांनी पट्टीने ओरबाडलं, आणि तिथला चिकटा काढायला दुसरा दिवस गेला.

व्हिनाइल गेल्यावर राहिलेल्या ॲक्रिलिक चिकट्यासाठी माझा क्रम असा. आधी साबणाचं पाणी, म्हणजे मीठ आणि वाळू निघेल. हे टाळू नका. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उभ्या बोटीवर वाळूचे कण असतातच, आणि चिंधीखाली एक कण गेला की तो पॉलिश पेपरचं काम करतो. मग खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल, जे घरात असेल ते, जाडसर लावून वर स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म किंवा फाडलेली प्लास्टिकची पिशवी चिकटवून ठेवायची. दोन तास तरी. तेल गोंदात शिरतं, तो फुगतो आणि त्याची पकड सुटते. जुन्या चिकट्याला तेल कमी पडलं तर तेलाच्या जागी एमटीओ, म्हणजे रंगारी वापरतात ते मिनरल टर्पेंटाइन. पूर्वी आम्ही रॉकेल वापरायचो, काम तेच होतं, पण आता रॉकेल मिळवण्यातच दिवस जायचा. एमटीओ भिजवलेली चिंधी त्या जागेवर पसरायची, वर प्लास्टिक, आणि अर्धा तास चहा प्यायला जायचं. परत आल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने एका दिशेने ढकललं की चिकटा गुळाच्या पाकासारखा गोळा होऊन येतो. दर ढकलीनंतर पट्टी पुसायची. चिंधीची स्वच्छ घडी वर घ्यायची. मळकी चिंधी पुन्हा फिरवणं म्हणजे काढलेला गोंद परत लावणं, हे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला निदान महिनाभर सांगावं लागतं.

पट्टी म्हणजे लोखंडाची पुट्टीची पट्टी नव्हे. जुनं एटीएम कार्ड, किंवा गाड्यांना काळी फिल्म लावणारे वापरतात ती प्लास्टिकची पट्टी. लाकडाची पाचरही चालते. लोखंडाचा कोपरा एकदा रुतला की जी रेघ पडते ती चिकट्यापेक्षा जास्त दिसते. भांड्यांची हिरवी घासणीही नको, तिच्यात खरवडणारे कण असतात. तारेची घासणी तर अजिबात नको. तिचे तुटलेले बारीक तंतू जेलकोटमध्ये रुततात आणि आठ दिवसांत पांढऱ्या बोटीला तांबेऱ्याची देवी आल्यासारखे ठिपके उमटतात.

मोठ्या स्टिकरसाठी एक यांत्रिक उपाय आहे, ड्रिलला लावायचं रबराचं चाक. पेन्सिल खोडायच्या रबराचाच मोठा भाऊ. व्हिनाइल आणि गोंद दोन्ही चुरा करून उडवतो. नागदेवी स्ट्रीटला गाड्यांच्या आणि हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर मिळतं. साधं ड्रिल पुरे, ग्राइंडरला मुळीच लावायचं नाही, वेग फार होतो आणि रबर वितळून नवाच चिकटा तयार होतो. चाक एका जागी थांबवायचं नाही, जोर द्यायचा नाही. चांगल्या स्थितीतल्या जेलकोटवर हे सुरेख चालतं. वरून रंग मारलेला असेल तर आधी कोपऱ्यात बघा, कधी कधी रंगही घेऊन येतं.

डेकचं काम वेगळं आणि जास्त कंटाळवाणं. त्याला दोन दिवस धरा. एक तर रबरी गोंद तेलाला फारशी दाद देत नाही, आणि दुसरं म्हणजे डेकवर पाय घसरू नये म्हणून खवल्यांची किंवा हिऱ्यांची नक्षी असते, तिच्या खाचांत पट्टी पोचत नाही.

सुरुवातीला सगळी भोकं बंद करा. जुन्या मॅटखाली स्क्रूची भोकं, भेगा, निघालेल्या फिटिंगच्या जागा असतात. फायबरच्या डेकच्या पोटात बऱ्याचदा प्लायवूड किंवा फोम असतो. द्रावण भोकातून आत उतरलं की फोम विरघळू शकतो आणि प्लायवूड ते महिनोन्‌महिने पिऊन बसतं. वर काही दिसत नाही, पुढच्या पावसाळ्यात डेक पायाखाली दबायला लागतो. मास्किंग टेप द्रावणाने सुटते, म्हणून खाली ॲल्युमिनियमची फॉइल दाबून वर टेप लावा. पाणी वाहून जायच्या नळ्याही बंद करा, नाहीतर सगळं खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साठतं त्या जागेत, जाईल, आणि तिथे बॅटरी आणि पंप आहे.

मग एकावेळी दोन फूट बाय दोन फूट, त्याहून जास्त नाही. एमटीओची चिंधी, वर प्लास्टिक, आणि इथे तासभर. रबर फुगून सुरकुत्या पडल्या की सपाट भागावर पट्टी आणि नक्षीत नायलॉनचा ताठ ब्रश. फुगलेलं रबर ब्रशखाली वळ्यांसारखं गोळा होतं, ते सुकं असतानाच झाडून उचला. एका फेरीत सगळं येणार नाही, दुसऱ्यांदा झाकून ठेवा. दुसऱ्या फेरीनंतर खाचांत जे पिवळं राहील त्याच्यासाठी तुमचा तो थिनर: चिंधीचा कोपरा ओला करायचा, चिंधी भिजवायची नाही, पुसायचं आणि लगेच कोरड्या चिंधीने टिपायचं. जेलकोटवर थिनर किंवा ॲसिटोन काही सेकंद चालतो, पण साचून राहिला की वरचा थर मऊ होतो आणि चमक जाते. नाळेजवळ तुमच्याकडून तेच झालं.

इथे बाजारातला एक शॉर्टकट लोक सुचवतात, पेंट रिमूव्हर. जेली लावा, दहा मिनिटांत सगळं सुटून येतं. येतं खरं, कारण जेलकोटही सुटून येतो. रंग उतरवायची ती रसायनं पॉलिएस्टरला ओळखत नाहीत, त्यांच्यासाठी तोही एक रंगच. कॉस्टिक सोडाही नको. पेट्रोलबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो, कारण किनाऱ्यावर ते सर्रास वापरतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उडून जात नाही, डेकवरून उतरून बोटीच्या पोटात साठते. आत कुणी बिल्ज पंपाचं बटण दाबलं की एक ठिणगी पुरते. ॲसिटोन आणि थिनरचंही तेच. ॲसिटोनची वाफ शून्याखाली २० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते, मग आपल्या ३० अंशांत काय ते समजा. एमटीओ त्यामानाने गरीब, तो साधारण ४० अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी वाफ सोडतो. म्हणूनही मला तो आवडतो. पण भर दुपारी तापलेल्या डेकवर तोही गरीब राहत नाही. सकाळी काम करा, बॅटरीची वायर काढून ठेवा, झाकणं उघडी ठेवा, आणि बिडी ओढणाऱ्या मदतनिसाला किनाऱ्यावर पाठवा.

कापडाचा मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. दोन बाजूंना डबे असलेला, सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजचा मास्क घ्या. मास्क एकदाच घ्यावा लागतो, कार्ट्रिज मात्र वेळोवेळी बदलायची. हातमोज्यांचं एक बहुतेकांना माहीत नसतं: निळे पातळ नायट्राइलचे मोजे एमटीओला बरे, पण ॲसिटोन त्यातून काही मिनिटांत आरपार जातो. मोजे घातलेत म्हणून निर्धास्त होऊन लोक तासभर हात बुडवतात आणि रात्री कातडी भाजल्यासारखी होते. ॲसिटोन, थिनरचं काम पुसण्यापुरतंच ठेवायचं आणि मोजे वरचेवर बदलायचे.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या बोटीला समोर काच असेलच, आणि ती खरी काच नसेल, ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट असेल. तिच्यावर लायसन्सचे, लायफ जॅकेटच्या सूचनेचे स्टिकर असतात. तिथे थिनर, ॲसिटोन, स्पिरिट काहीही नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. उमेदीच्या वर्षांत मांडव्याहून आलेल्या एका बोटीच्या काचेवरचा चिकटा मी स्पिरिटने पुसला. पुसली तेव्हा झकास दिसली. तासाभराने उन्हात तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उमटत गेल्या, कडेकडून मध्यापर्यंत. ॲक्रिलिकमध्ये वाकवताना, कापताना जो ताण राहिलेला असतो तो अल्कोहोल मोकळा करतं. ती काच पदरच्या पैशाने बदलून दिली, आणि त्या महिन्यात घरी काय नेलं ते विचारू नका. काचेवर फक्त तेल, मग भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी, आणि मऊ सुती कापड. वेळ लागतो, लागू द्या.

रबरी फुगवायच्या बोटीचं कुणी विचारलं तर उत्तर आणखी वेगळं. ती पीव्हीसीची असेल तर थिनरने कापडच मऊ पडून चिकट होतं. तुमची तशी नाही, म्हणून इथेच सोडतो. पाण्याखालच्या भागावर शेवाळ आणि शिंपले न धरणारा रंग मारलेला असतो, त्यावर चिकटा असेल तर काढत बसू नका. कुठलंही द्रावण तो रंग उतरवतं. दर वर्षी नवा हात मारायचाच असतो, त्या वेळी घासून काढा.

सीलंटचं थोडक्यात. वाळलेला सिलिकॉन आणि वाळलेला पॉलियुरेथेन, दोन्ही कशात विरघळत नाहीत म्हणा. ऊब देऊन, प्लास्टिकच्या किंवा धार मारलेल्या बांबूच्या पाचरीने कडी अखंड उचलायची, उरलेलं रबराच्या गोळीसारखं अंगठ्याने चोळून काढायचं. सिलिकॉनवर पॉलिश पेपर कधी मारू नका. तो कापला जात नाही, ओरखड्यांत भरला जातो. पुढे तिथे जेलकोट किंवा रंग लावलात की माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल छिद्रं पडतात आणि रंगारी तुम्हाला शिव्या घालतो. एम-सीलला मात्र घासण्याशिवाय इलाज नाही. उंचवटा आधी खरवडून, शेवटचा अर्धा मिलिमीटर वॉटर पेपरने, म्हणजे ओल्याने घासायच्या बारीक पॉलिश पेपरने, पाण्याखाली. घाई वाटली तर तो तसाच राहू द्या, तो बोटीचं काही बिघडवत नाही.

चिकटा गेला की काम संपलं असं वाटतं, पण तेल आणि एमटीओचा पातळ हात सगळीकडे बसलेला असतो. भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा, मग स्वच्छ पाण्याची धार सोडा. पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर जागा स्वच्छ. कुठे थेंब गोळा होऊन बाजूला सरकले तर तिथे अजून तेल किंवा मेण आहे. नवी मॅट किंवा नोंदणीचा नंबर लावायच्या जागी ही परीक्षा नक्की करा, आणि लावायच्या आधी एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या चिंधीने पुसून घ्या.

पावसाळ्याची एक अडचण आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून सगळ्यांच्या बोटी याच दिवसांत वर येतात आणि सगळ्यांना हेच काम याच दिवसांत करायचं असतं. हवा ओलीचिंब. थिनर, ॲसिटोन झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पाडतात आणि हवेतलं बाष्प तिथे धरतं. डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर लावलेला स्टिकर चौथ्या दिवशी कोपऱ्यातून उठतो. म्हणून चिकटा काढायचं काम ताडपत्रीखाली जून-जुलैत खुशाल करा, तेल आणि एमटीओला दमट हवेचं सोयरसुतक नाही. पण नवीन चिकटवायचं काम उघडीप मिळेल त्या दिवशी, दुपारी, पृष्ठभाग हाताला कोरडा आणि कोमट लागल्यावर.

आता स्टिकर गेले तरी त्यांची अक्षरं दिसत राहतील. ते गोंदाचं नाही. आजूबाजूचा जेलकोट उन्हाने फिका, खडूसारखा झालाय, स्टिकरखालचा जसाच्या तसा आहे. लोक ही सावली गोंद समजून घासत बसतात आणि तिथेच भोक पाडतात. हात फिरवून बघा, चिकट लागत नसेल तर थांबा. सावली घालवायची तर फिक्या भागाला वर आणायचं: आधी नुसतं रबिंग कंपाउंड, म्हणजे चमक आणायची बारीक कणांची पेस्ट, आणि बफ, म्हणजे ती घोटायची मऊ गादी. त्याने भागलं नाही तर १५०० नंबरचा वॉटर पेपर भरपूर पाण्यासह, मग २०००, मग कंपाउंड, शेवटी मेण. नाळेजवळ गेलेली चमकही याच मार्गाने परत येईल, जर ती जागा नखाला टणक लागत असेल तर. अजून मऊ असेल तर आठवडाभर हात लावू नका, आत शिरलेला थिनर उडून जाऊ द्या. कोपऱ्यांवर आणि कडांवर बफ अगदी हलका, तिथे जेलकोट सगळ्यात पातळ असतो. पेपरच्या पाण्यात आतल्या फायबरचा हिरवट करडा रंग दिसायला लागला तर तुम्ही पाचवा कागद ओलांडलात.

सावली नंबरच्या जागी असेल तर तिची चिंता सोडा, नवा नंबर तिच्यावरच येईल. बाकी जाहिरातीची अक्षरं मुंबईच्या उन्हात दोन-तीन वर्षांत आपोआप बुजतात. मी बऱ्याच गिऱ्हाइकांना तेच सांगतो आणि ते नाराज होतात, कारण त्यांची पैसे द्यायची तयारी असते.

घाण चिंध्या आणि गोळा केलेला चिकटा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि किनाऱ्यावर किंवा खाडीत टाकू नका. हे तुम्हाला सांगायला नको, तिथेच आपली जाळी लागतात.

आणि नवी मॅट घ्याल तेव्हा मागे कागद लावलेली, स्वतःच्या चिकट्याची घ्या. सुताराचा रबरी गोंद दुकानदाराने फुकट दिला तरी लावू नका. पाणी जायच्या नळ्यांभोवती आणि झाकणांच्या कडेला बोटभर जागा मोकळी सोडा, म्हणजे पाणी खाली शिरून कोपरे उठणार नाहीत, आणि कधी काढायची झालीच तर नख घालायला जागा राहील. सुरुवात मात्र उद्या डेकच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूने करा, जिथे कुणाची नजर जात नाही. वीतभर जागा, एक तास एमटीओ, एक एटीएम कार्ड. चिंधीवर पिवळं आलं तर पुढे चला. बोटीचा रंग आला तर थांबा, म्हणजे तो जेलकोट नाही, वरून मारलेला रंग आहे, आणि मग टर्पेंटाइनही बंद, फक्त तेल, साबण आणि ऊब.